शाप कोणासाठी कोरला होता

इंदूरहून धारला जाताना वाटेत बेटमा लागते. परमार राजा भोजाचा एक ताम्रपट या गावी सापडला. तो विक्रम संवत १०७६ चा, म्हणजे इसवी सन १०२० च्या सुमाराचा आहे. कोकण हाती आल्याच्या विजयपर्वावर भोजाने एका पंडिताला गाव दान दिले, त्याची ही सनद. तांब्याचे पत्रे, ते ओवणारी कडी, साप धरलेल्या गरुडाची राजमुद्रा आणि शेवटी राजाची स्वतःची सही, अशी परमारांच्या दानपत्रांची ठरलेली घडण असते. ज्या कोकणाच्या विजयासाठी हे गाव दिले गेले, त्याच कोकणात अलिबागजवळच्या अक्षी गावी एक दगडही उभा होता. त्यावर चंद्रसूर्य कोरलेले आहेत, खाली मराठी अक्षरे आहेत आणि त्यांच्याही खाली एक असे चित्र आहे की पाहणाऱ्याची मान आपोआप दुसरीकडे वळावी. अक्षीच्या लेखावरचे वर्ष शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे शं. गो. तुळपुळे यांनी मानले आणि त्यामुळे तो मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख ठरला. काही अभ्यासक त्याला दोन शतके पुढे नेतात. तुळपुळ्यांचे वर्ष धरले, तर लेखात नाव असलेला कोकणचक्रवर्ती केसिदेव म्हणजे शिलाहार राजा अरिकेसरी. भोजाने कोकण घेतले ते याच्याकडूनच, असे बरेच इतिहासकार मानतात.

जिंकणाऱ्याने माळव्यात दान दिले आणि हरणाऱ्याच्या राज्यात त्याच्या प्रधानाने दान दिले. दोघांनाही एकच चिंता होती. आपण गेल्यावर हे दान कोण राखणार? या चिंतेतून जे शब्द आणि जी चित्रे निर्माण झाली, त्यांची ओळख पुढच्या पानांत करून द्यायची आहे. वाचकाने तिकडे वळण्याआधी एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. पुरातत्त्व आणि शाप हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या मनात कोकण येत नाही, माळवा येत नाही, इजिप्त येते.

ते साहजिकही आहे. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टरच्या मजुरांना राजांच्या दरीत खाली उतरणारी एक पायरी लागली आणि तूतनखामेनच्या थडग्याचा मार्ग उघडला. पुढच्या फेब्रुवारीत मुख्य दफनकक्षाची भिंत फोडण्यात आली. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत वारले. गालावर डास चावला होता, दाढी करताना ती जागा कापली गेली, रक्तात विष भिनले आणि त्यावर न्यूमोनिया झाला. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात असे मरण मुळीच दुर्मीळ नव्हते, त्यातून कार्नार्व्हन आधीपासूनच नाजूक प्रकृतीचे होते. पण उत्खननाच्या बातम्यांचा मक्ता लंडनच्या ‘टाइम्स’ला दिलेला होता. बाकीची वर्तमानपत्रे, खुद्द इजिप्तची वर्तमानपत्रेसुद्धा, दाराबाहेर ताटकळत होती. आत काय मिळाले हे लिहिता येत नव्हते, तेव्हा बाहेर काय घडले ते लिहिणे त्यांच्या हाती उरले. शापाची बातमी अशी जन्मली. दारावर अमुक वाक्य कोरले होते, मरण पंखांवरून झेपावत येईल असे त्यात बजावले होते, हे पुढे छापून आले आणि आजही पुन्हापुन्हा छापले जाते. असे वाक्य त्या थडग्यात कोठेही नाही.

कार्टर स्वतः १९३९ पर्यंत जगला. राजाच्या देहाची तपासणी करणारे डग्लस डेरी १९६१ मध्ये गेले. कार्नार्व्हनची मुलगी एव्हलिन ही अगदी सुरुवातीला आत शिरलेल्यांपैकी एक. तिचा मृत्यू १९८० साली झाला. मार्क नेल्सन नावाच्या वैद्यकीय संशोधकाने २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा प्रश्न आकडेवारीनेच सोडवला. त्या काळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी २५ जण थडगे, शवपेट्या किंवा देह उघडताना हजर होते. हजर असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या पुढच्या आयुर्मानात शापाला आधार देईल असा फरक त्याला सापडला नाही.

या सगळ्या हिशेबात मला खुपते ते वेगळेच. शापाने कोण मेले याच्या याद्या शंभर वर्षे निघत आहेत आणि त्यांत जवळजवळ सगळी नावे युरोप-अमेरिकेतली आहेत. ज्यांच्या फावड्याला ती पायरी लागली, ज्यांनी वाळूच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, ते मजूर त्या याद्यांत नाहीत. शाप खरा मानणाऱ्यांनाही त्यांची आठवण झाली नाही. थडग्याच्या सर्वांत जवळ तेच होते.

प्राचीन इजिप्तमध्ये शाप मुळी नव्हतेच, असे मात्र म्हणता येत नाही. तूतनखामेनच्या सुमारे हजार वर्षे आधीच्या काळात अधिकाऱ्यांनी आणि कारागिरांनी आपापल्या थडग्यांवर धमक्या लिहून ठेवल्या आहेत. सक्कारा येथे खेंतिका नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. अशुद्ध होऊन जो आत शिरेल, त्याची मान पक्ष्यासारखी धरीन आणि देवापुढे त्याचा न्याय होईल, असा त्यावरच्या लेखाचा आशय आहे. गिझाच्या पिरॅमिडांजवळ कामगारांच्या दफनभूमीत पेतेती नावाच्या माणसाची कबर आहे. तेथे कबर बिघडवणाऱ्यावर मगर, पाणघोडा आणि सिंह सोडण्याची भाषा आहे. राजाला असल्या वाक्यांची गरज फारशी वाटत नसावी; त्याच्याकडे पहारे होते. ज्याच्याकडे पहारा नाही तो शाप लिहितो. ही गोष्ट नाईलच्या काठी जेवढी खरी, तेवढीच आपल्या खाडीकाठीही खरी आहे.

आता अक्षीच्या दगडाकडे येऊ. त्यात नोंदलेली बाब साधी आहे. राजाच्या प्रधानाने देवीच्या बोडणासाठी धान्याची तजवीज करून दिली. बोडण आजही कोकणातल्या घरांत होते. बायका जमतात, दूध, दही, तूप, मध, साखर एकत्र कालवून देवीला नैवेद्य होतो. म्हणजे हा दगड राखतो आहे तो सोन्याचा हंडा नव्हे, राजाचा देहही नव्हे. धान्याची काही मापे तेवढी तो राखतो आहे. ती दरवर्षी देवीच्या दारी पोचावीत, मधल्या कोणी गिळू नयेत, एवढ्यासाठी खाली ते चित्र आले.

ते चित्र काय आहे हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे, कारण आजवर बरेचदा ते झाकून ठेवले गेले. गाढव स्त्रीवर चढलेले दाखवले आहे. जो हे शासन मोडील, त्याच्या आईची ही गत होईल, असा त्याचा अर्थ आणि काही दगडांवर तो अक्षरांतही लिहिलेला असतो. अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. ठाणे, रायगड, मुंबई, साष्टी, गोवा, देशावरचे अनेक जिल्हे आणि पुढे कर्नाटक इतक्या पट्ट्यात ते सापडतात. शिलाहारांनी ते उभारले, यादवांच्या आणि कदंबांच्या राज्यांतही ते उभे राहिले. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला, लेखाची भाषा बदलली, तरी चित्र टिकले. अक्षीच्या शेजारीच नागाव आहे. तेथला शके १२८९, म्हणजे इसवी सन १३६७ चा लेख मुसलमानी अंमलाच्या खुणा वागवतो आणि तरीही शापासाठी तेच गाढव पुढे करतो.

दगडाची मांडणी पाहिली की त्यामागचा विचार कळतो. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असतील तोवर हे दान चालेल. कधी मध्ये मंगलकलश. मग लेख, असला तर. आणि तळाशी चित्र. वरचा भाग देवाचा, मधला वाचू शकणाऱ्यांचा आणि तळचा सगळ्यांचा. बाराव्या शतकात गावच्या शिवेवरून जाणाऱ्या किती जणांना अक्षरे लागत असतील? ज्याला ती लागत नाहीत, त्यालाही दान मोडण्याची किंमत समजलीच पाहिजे, अशी ही सोय होती. पुष्कळ गद्धेगाळींवर अक्षर एकही नाही, फक्त चित्र आहे. तेवढ्याने काम होत होते.

पण काम कोणाच्या जिवावर होत होते, हाही प्रश्न आहे आणि तो टाळून या दगडांविषयी लिहू नये असे मला वाटते. दान मोडणारा पुरुष, दान देणारा पुरुष, राजा पुरुष, लेख कोरणारा पुरुष. आणि शिक्षा मात्र जिचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही अशा एका आईला. आज भांडणात तोंडातून निघणाऱ्या शिव्या आठवा. त्यांचे गणित हेच आहे. पुरुषाला दुखवायचे तर त्याच्या घरातल्या बाईची विटंबना करायची. राजसत्तेने हे गणित अधिकृतपणे दगडात कोरले आणि गावोगाव उभे केले, हे आपल्या इतिहासातले कटू सत्य आहे. दानाची कळकळ खरी होती म्हणून ते पुसले जात नाही. या दगडांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो अभिमान हे सत्य सोबत घेऊनच बाळगावा.

त्यांचे पुढे काय झाले, तो भागही विलक्षण आहे. अर्थ विसरला गेला. काही दगड रस्त्याकडेला उघडे पडले; खुद्द अक्षीचा लेखही अनेक वर्षे तसाच उन्हापावसात होता. काही पालथे घातले गेले, काही बांधकामात गेले. आणि काहींना शेंदूर लागला. ज्या स्त्रीची विटंबना कोरली होती, तिलाच गावाने देवी मानले, नारळ फोडले, साडीचोळी वाहिली. मुंबई आणि साष्टीच्या परिसरात गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी गल्ल्या, पाडे, मंदिरांची आवारे पायी धुंडाळली. कुरुष दलाल आणि हर्षदा विरकुड यांच्यासारख्यांनी गद्धेगाळींचा नेटाने मागोवा घेतला. अशी पूजेतली गद्धेगाळ दिसली तर अभ्यासकाने काय करावे? पुजणाऱ्या बाईला खरा अर्थ तोंडावर सांगावा का? मला याचे एकच एक उत्तर सुचत नाही. मात्र त्या बाईने नकळत जे केले, ते शिल्पकाराच्या हेतूपेक्षा पुष्कळ मोठ्या मनाचे आहे, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

कोकणातून माळव्यात आले की सूर बदलतो. येथे दगडापेक्षा तांबे अधिक बोलते आणि तांब्याची भाषा संस्कृत आहे. देशभरच्या दानपत्रांत येणारे शापश्लोक व्यासांच्या नावावर घातले जातात. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहील, ती हिरावणारा आणि त्याला संमती देणारा तेवढीच वर्षे नरकात काढील. स्वतः दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली, जो ती परत घेईल तो विष्ठेतला किडा होऊन पितरांसह खितपत पडेल. गुप्तांपासून वाकाटकांपर्यंत आणि पुढेही कित्येक ताम्रपट या श्लोकांवर संपतात.

परमारांच्या पत्र्यांवर मात्र याहून निराळे, मला तरी अधिक हृद्य वाटणारे श्लोक येतात. पूर्वीच्या राजांनी धर्मासाठी जे दिले, ते वाहून टाकलेल्या फुलांसारखे आणि ओकून टाकलेल्या अन्नासारखे आहे. ते परत घ्यावे असे कोणत्या भल्या माणसाला वाटेल? लक्ष्मी विजेसारखी आणि पाण्यावरच्या बुडबुड्यासारखी चंचल आहे, तिचे फळ दान आणि दुसऱ्याच्या कीर्तीचे रक्षण. आणि मग रामाच्या तोंडून सगळ्या भावी राजांना पुन्हापुन्हा याचना, की धर्माचा हा सेतू सर्व राजांचा सारखाच आहे, तुम्ही तुमच्या काळात तो सांभाळा. माणसाचे जगणे कमळाच्या पानावरच्या थेंबासारखे डळमळते आहे हे ध्यानात घ्या आणि दुसऱ्याची कीर्ती बुडवू नका, असा शेवट. येथे धाक जवळजवळ नाही. चहूबाजूंनी लढणारा, कोकण जिंकून आलेला राजवंश आपल्या नंतर कोण येईल ते ठाऊक नसलेल्या माणसापुढे हात जोडून उभा आहे. आजचा शत्रू उद्या याच धारेत राज्य करील, हे त्याला कळत होते. तसे पुढे झालेही. परमार गेले, सुलतान आले, मोगल आले, मराठे आले.

शाप असो की विनवणी, दोन्ही दानपत्राच्या एकाच जागी येतात. आधी कोणी, कोणाला, कोणते गाव, कोणत्या चतुःसीमा, कोणते कर माफ, हे सगळे काटेकोर व्यवहाराच्या भाषेत येते. शाप येतो तो शेवटी. राजा जिवंत आहे तोवर दंड आहे, अधिकारी आहेत. राजा गेला की या पत्र्यामागे कोणती ताकद उरते? ज्याला दान मिळाले तो पंडित, ते देऊळ, तो मठ, यांच्याकडे ना सैन्य ना कचेरी. हुकमाची पोच जिथे संपते, तिथून पुढे दान राखण्यासाठी दाता आपल्याजवळचे शेवटचे साधन वापरतो. म्हणून हे शाप मेलेल्यांनी जिवंतांना दिलेले नाहीत. दुबळ्या घेणाऱ्याच्या वतीने बलवान येणाऱ्याला दिलेले आहेत. शेतात नांगर घालणाऱ्याला त्यांच्यापासून भय नव्हते, उत्खनन करणाऱ्याला तर नाहीच. ते लिहिले होते राजे, सरदार, अंमलदार यांच्यासाठी.

मेलेल्यांचे भय आपल्याकडे नव्हते काय? होते, आणि त्याचा पुरावा शब्दांत नाही, हाडांत आहे. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगाव येथे १९६८ पासून पुढे बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उघडी केली. मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरले होते. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे निजवले होते आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली होती. मेलेल्याने उठून परत येऊ नये, यासाठी हे केले असावे, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. अंगणातच पुरायचे, पण फिरू द्यायचे नाही; माया आणि भीती एकाच खड्ड्यात. शापाची गोष्ट खरी असती तर ती इनामगावच्या खड्ड्यांत उतरणाऱ्यांना बाधायला हवी होती. सांकलिया ऐंशी वर्षे जगले, ढवळीकर सत्त्याऐंशी. याच सांकलियांनी त्याआधी आपल्या नर्मदेकाठी, महेश्वर आणि नावडातोडीला, जुनी घरे खणून काढली होती, हे इंदूरच्या वाचकाला सांगायला नको.

महेश्वरचे नाव निघाले की अहिल्याबाई आल्याच. आणि होळकरांच्या घराण्यातही शापाची एक कथा आहे. सर जॉन माल्कम १८१८ च्या मंदसौर तहानंतर महूला राहिला, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याने मध्य भारताचा वृत्तांत लिहिला आणि १८२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव याच्या मृत्यूची हकीकत आहे. वाड्यातल्या एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून मालेरावाने कशिदा काढणाऱ्या एका कारागिराला मारले. तो निर्दोष होता असे मागाहून कळले. मालेरावाला पश्चात्तापाने वेडाचे झटके येऊ लागले आणि मेलेल्याने त्याला झपाटले आहे, असे लोक मानू लागले. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या पिशाचाची विनवणी करीत होत्या. तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, याला सोड. उत्तर आले की याने मला निरपराध मारले, मी याचा जीव घेणार. १७६७ मध्ये मालेराव गेला. सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते.

आजच्या डॉक्टरांनी या झटक्यांना दुसरे नाव दिले असते. पण लोकांनी ही गोष्ट अशीच का सांगितली, हे मला महत्त्वाचे वाटते. सुभेदाराच्या घरात एका कारागिराच्या खुनाची दाद कोठे मागायची? त्याच्या बायकामुलांनी कोणाच्या कचेरीत जायचे? लोकांनी मग न्याय आपल्या गोष्टीत करून घेतला. अहिल्याबाईंनीही त्या मेलेल्या माणसाशी जे बोलणे केले, ते ऐकणाऱ्याला एखाद्या तडजोडीच्या बैठकीसारखे वाटते: देऊळ, जहागीर, कुटुंबाची व्यवस्था. अक्षीच्या दगडाशी या कथेचे नाते आहे. दोन्हीकडे शाप आहे तो ज्याच्या हाती काही नाही त्याच्या बाजूने.

पुढे त्याच अहिल्याबाईंनी होळकरांच्या खासगी खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यासाठी अर्पण केला, अशी परंपरा सांगते. त्या पैशातून काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळे, धर्मशाळा, विहिरी झाल्या. गाढव नको, नरक नको, साठ हजार वर्षे नकोत; तुळशीचे एक पान आणि पाणी. त्या पानाचा धाक त्यांच्या हयातीत पुरला. नंतर संस्थान विलीन झाले आणि ही देणगी एका न्यासाकडे गेली. त्या मालमत्तांचे व्यवहार वादात सापडले, प्रकरण इंदूरच्या खंडपीठापुढे गेले आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा या न्यासाला लागू होतो, असे ठरवले. ताम्रपटाच्या शेवटच्या ओळीत जे काम शापाकडे होते, ते आता नोंदणी, हिशेबतपासणी आणि परवानगी यांच्याकडे आले आहे. हे मला स्वागतार्ह वाटते. कायद्याची अंमलबजावणी ढिली पडली तर मात्र दानाला राखण उरत नाही, कारण जुना धाकही आता गेलेला आहे.

धाक गेला म्हणावे, तर एका जागी तो भलत्याच रूपात जिवंत आहे. दगडावर चंद्रसूर्य दिसले, अक्षरे दिसली, की खाली धन आहे असे मानणारे लोक महाराष्ट्रातही आहेत आणि आपल्या माळवा-निमाडातही. पायाळू माणसाला पुरलेले धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, राखणदाराला काहीतरी द्यावे लागते, या समजुतींतून रात्री खड्डे खणले जातात. शिलालेख उलथले जातात, मूर्ती फुटतात, आणि क्वचित माणसाचा, लेकराचा बळी दिला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. गद्धेगाळीखाली धन नसते. ती उभी केली तेव्हा तिच्याभोवतालची जमीन किंवा त्या जमिनीचे धान्य हेच तिचे धन होते आणि ते केव्हाच कोणाच्या तरी सात-बारावर गेले आहे. हे एवढे वाक्य गावोगाव पोचले तरी कित्येक लेख वाचतील. तूतनखामेनच्या शापाचे चित्रपट पाहून मोठे झालेल्या पिढीला हे सांगणे अधिक गरजेचे आहे, कारण त्या चित्रपटांनी दोन गोष्टी मनात पक्क्या बसवल्या. जुने काही सापडले की त्याखाली सोने असते, आणि सोन्यावर शाप असतो.

इंदुरात आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगडच्या परमारकालीन मूर्ती आहेत. मंदसौर जिल्ह्यातल्या त्या गडावरून त्या येथे आल्या नसत्या, तर त्यांतल्या कितीतरी आज कोणाच्या तरी दिवाणखान्यात असत्या. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली इजिप्तची एक ममीही आहे. मराठी माणसाला नाईलकाठचा मृत्यू जवळून पाहायचा असेल तर तेथे जावे. काचेआडच्या त्या देहाभोवती मुले गर्दी करतात आणि पहिला प्रश्न शापाचाच विचारतात. त्यांना रागावू नये. त्या प्रश्नाचा हात धरून त्यांना अक्षीपर्यंत, बेटम्यापर्यंत आणता येते.

या विषयात नव्याने शिरणाऱ्यासाठी काही व्यवहाराच्या सूचना. चंद्रसूर्याचा दगड दिसला तर त्यावर तेल, शेंदूर, खडू, चुना काहीही लावू नये; अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फिरवणाऱ्यांनी आजवर पुष्कळ नुकसान केले आहे. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरताना तिरप्या उजेडात चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी. कागद भिजवून, ब्रशाने ठोकून शाईचा ठसा घेणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे, ते त्यांच्यावरच सोपवावे. गावात त्या दगडाविषयी जे सांगतात ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे, पटो वा न पटो. जमिनीत काही मौल्यवान सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शिलालेखासाठी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि दगड हलवू नये. देवळाच्या आवारात नेऊन नीट उभा करावा, ही इच्छा चांगल्या मनातून येते, पण पुष्कळ गद्धेगाळी दान दिलेल्या जमिनीच्या शिवेवर उभ्या केलेल्या होत्या. दगड उचलला की लेख वाचता येतो, पण ती शीव कोठून जात होती हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही.